खेळात गुडघा दुखावला? चोळू नका, दाखवा!

थंडी पडू लागली की आपल्या वस्त्यांमधून कबड्डीची मैदाने आखली जातात. परळ, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींपासून नागपूर, अकोला, नांदेडच्या मोहल्ल्यांपर्यंत दिवे लावून रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. १४ एप्रिलच्या जयंती महोत्सवापर्यंत हा हंगाम चालतो. कुणाच्या संघाने ढाल पटकावली याची चर्चा आठवडाभर चालते. पण त्याच सामन्यात गुडघा धरून मैदानाबाहेर बसलेल्या मुलाचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

तो मुलगा लंगडत घरी जातो. आई हळद-तेल गरम करते. शेजारचे काका सांगतात, “मुका मार आहे, चोळून घे, चार दिवसांत बरा होशील.” सूज ओसरते, मुलगा पुन्हा मैदानात उतरतो आणि पहिल्याच चढाईत गुडघा पुन्हा दगा देतो. असे दोन-तीन वेळा झाले की कोणीतरी मोठ्या दवाखान्याचे नाव सुचवते. तोपर्यंत वर्ष निघून गेलेले असते आणि आत व्हायचे ते नुकसान झालेले असते.

कष्टकऱ्याच्या घरात तरुण मुलाचा किंवा मुलीचा गुडघा ही साधी बाब नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. आपली कितीतरी मुले याच आशेने पहाटे उठून सराव करतात. ज्यांना खेळातून नोकरी मिळत नाही, त्यांनाही बांधकाम, सफाई, हमाली, वाहनचालक अशी कामे करताना गुडघ्याचाच आधार असतो. म्हणून गुडघा दुखावल्यावर काय करावे, कोठे जावे आणि पैसा कोठून आणावा, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

गुडघ्याच्या आत काय असते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकत्र येतात तेथे गुडघा तयार होतो. पुढच्या बाजूला वाटी असते. ही हाडे एकमेकांत खिळ्याने बसविलेली नसतात. त्यांना चिवट दोऱ्यांसारख्या चार मुख्य अस्थिबंधांनी, म्हणजे लिगामेंटनी, बांधून ठेवलेले असते. दोन बाजूंना दोन आणि सांध्याच्या आत एकमेकांवर फुली मारल्यासारखे दोन. या आतल्या दोहोंपैकी पुढच्या अस्थिबंधाला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात. नडगीचे हाड पुढे घसरू न देणे आणि गुडघा पिळवटू न देणे हे त्याचे काम. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. उडी मारल्यावर बसणारा दणका त्या झेलतात.

कबड्डीत हे सारे एका क्षणात पणाला लागते. चढाई करणाऱ्याचा पाय जमिनीत रोवलेला असतो, बचाव करणारा घोटा धरतो आणि चढाईपटू मध्यरेषेकडे वळण्यासाठी अंग फिरवतो. खालचा पाय जागच्या जागी आणि वरचे शरीर फिरलेले! त्या पिळात एसीएल तुटू शकतो. मात्र अशी दुखापत नेहमी दुसऱ्याच्या धक्क्यानेच होते असे नाही. फुटबॉल, खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती अशा खेळांत धावता धावता एकदम थांबणे, दिशा बदलणे किंवा उडीनंतर पाय वाकडा पडणे, एवढेही पुरते.

मुका मार की मोठी दुखापत? खुणा ओळखा

साधा मार आणि अस्थिबंधाची दुखापत यांत फरक असतो. पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

दुखापतीच्या वेळी गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला किंवा काहीतरी तुटल्यासारखे वाटले. त्यानंतर थोड्याच तासांत गुडघा टम्म सुजला. लोक याला ‘पाणी झाले’ म्हणतात, पण इतक्या लवकर आलेली सूज बहुधा आत झालेल्या रक्तस्रावाची असते. खेळ पुढे चालू ठेवणे अशक्य झाले. काही दिवसांनी दुखणे कमी झाले, तरी जिना उतरताना किंवा वळताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो. या खुणा असतील तर एसीएल तुटल्याची शंका घ्यावी.

गुडघा मध्येच अडकतो आणि सरळ होत नाही, अशी तक्रार असेल तर गादी फाटून तिचा तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. अशा वेळी ताटकळत बसू नये.

काही बाबतींत तर त्याच रात्री रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे लागते. गुडघा जागेवरून सरकलेला दिसतो. पाऊल थंड, निळसर किंवा बधिर पडले आहे. पाय सरळ ठेवून उचलताच येत नाही. जखम उघडी आहे. पावलाचा रक्तपुरवठा तुटला असेल तर काही तासांचा उशीरसुद्धा पाय गमावण्यास कारण होऊ शकतो.

पहिले तीन दिवस

खेळ ताबडतोब थांबवावा. अंतिम सामना असो की उपांत्य, दुखावलेल्या गुडघ्यावर पट्टी गुंडाळून किंवा वेदनाशामक इंजेक्शन घेऊन पुन्हा उतरवणे हा त्या मुलावर अन्याय आहे. दुखणे ही शरीराने दिलेली सूचना असते. इंजेक्शनने सूचना बंद होते, दुखापत बंद होत नाही.

बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावावा आणि दिवसातून चार-पाच वेळा हे करावे. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. गुडघ्यावर क्रेप बँडेज गुंडाळावे, पण पाऊल बधिर होईल इतके घट्ट नको. झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा. पायावर भार देता येत नसेल तर कुबड्या घ्याव्यात.

पहिले दोन-तीन दिवस तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात : शेक, चोळणे आणि दारू. तिन्हींमुळे सूज वाढते. हाडवैद्याकडे नेऊन गुडघा ओढून ‘बसवून’ घेणे तर फारच धोक्याचे. तुटलेला अस्थिबंध ओढून बसत नाही. उलट अर्धवट तुटलेला असेल तर पूर्ण तुटण्याची भीती असते. आपल्या वडीलधाऱ्यांची माया खरी आहे, पण तेलाचा हात सांध्याच्या आतपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना आदराने समजावून सांगायला हवे.

एक्स-रे साफ आला म्हणजे सारे ठीक, असे नाही

पुष्कळ घरांत येथेच घोटाळा होतो. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढतात, “हाड मोडलेले नाही” असे ऐकून सगळे निर्धास्त होतात. एक्स-रेमध्ये हाड दिसते. अस्थिबंध आणि गादी दिसत नाही.

एक्स-रे केव्हा काढावा याचे काही ठोकताळे १९९५ साली कॅनडातील डॉक्टरांनी मांडले आणि ते आजही वापरले जातात. वय ५५ किंवा अधिक. वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या हाडाच्या टोकावर दाबल्यास दुखणे. गुडघा काटकोनात न वाकणे. चार पावलेही न टाकता येणे. यांपैकी एकही गोष्ट असली तर एक्स-रे काढावा.

अस्थिबंधाची परीक्षा मात्र डॉक्टरांच्या हातांनी होते. हाडांचे डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगीचे हाड पुढे ओढून पाहतात. ते प्रमाणाबाहेर पुढे आले तर एसीएल तुटल्याचे कळते. सूज फार असेल तर पहिल्या दिवशी ही तपासणी नीट होत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावले तर जरूर जावे. “डॉक्टरांनी काहीच केले नाही” असे म्हणून ती फेरी चुकवू नये. त्यानंतर गरज वाटल्यास ते एमआरआय लिहून देतात. त्यात अस्थिबंध आणि गाद्या दिसतात.

डॉक्टरांसमोर मुलाने स्वतः बोलावे. कसा पडलो, आवाज आला का, सूज किती वेळात आली, गुडघा निसटतो का, या चार प्रश्नांची उत्तरे घरूनच तयार करून न्यावीत. मोठ्या रुग्णालयातील गर्दीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. नेमके सांगितले तर निदान नेमके होते.

ऑपरेशन करावेच लागते काय?

एसीएल तुटला म्हणजे ऑपरेशन झालेच पाहिजे, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. काहींची लवकर शस्त्रक्रिया केली. इतरांना आधी व्यायाम देऊन, गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायची असे ठरविले. पाच वर्षांनी पाहता दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती आणि व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती.

याची दुसरी बाजूही आहे. दुखापत जुनी झाली आहे आणि गुडघा वारंवार निसटतो, अशा ३१६ रुग्णांवरचा ब्रिटनमधील अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक फायदा झाला. तेव्हा निर्णय माणसागणिक वेगळा असतो. ज्याला कबड्डी, कुस्ती, फुटबॉल असे वळणावळणाचे खेळ पुढे खेळायचे आहेत, ज्याचा गुडघा रोजच्या चालण्यातही निसटतो किंवा ज्याची गादीही फाटली आहे, त्याला डॉक्टर बहुधा शस्त्रक्रिया सुचवतात. निसटणारा गुडघा तसाच वापरत राहिल्यास गाद्या फाटत जातात आणि तरुण वयातच सांध्याची झीज सुरू होते.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, लहान छिद्रे पाडून करतात. तुटलेला एसीएल बहुधा शिवत नाहीत. रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची दोरी घेऊन त्या जागी नवा अस्थिबंध बसवतात. सूज पूर्ण उतरून गुडघा सरळ होऊ लागल्यावर ही शस्त्रक्रिया केलेली चांगली. गुडघा अडकलेला नसेल तर महिना-दीड महिना थांबल्याने संधी हातची जात नाही. “आजच पैसे भरा, उद्या ऑपरेशन, नाहीतर पाय जाईल” असे कोणी घाबरवले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

पैशाचा प्रश्न

येथे पुष्कळ पालक मागे फिरतात किंवा सावकाराच्या दारी जातात. त्याआधी पुढील दारे ठोठवावीत.

पहिले दार सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांचे. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे.; पुण्यात ससून; नागपुरात मेडिकल आणि मेयो. या सर्व ठिकाणी हाडांचा विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. हाडांच्या विभागाचा ओपीडीचा वार आधी विचारून घ्यावा, म्हणजे रजा आणि गाडीभाडे वाया जात नाही.

दुसरे दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली आणि २०१७ साली तिला जोतिरावांचे नाव मिळाले. २०२४ पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटावे. सुचवलेली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे का आणि ती याच रुग्णालयात होते का, हे भरती होण्यापूर्वीच विचारावे. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या असतात. योजनेचा निःशुल्क दूरध्वनी १५५३८८ असा आहे.

तिसरे दार राज्य कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे. वडील किंवा आई कारखान्यात, दुकानात, ठेकेदाराकडे नोकरीस असतील आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर शिकत असलेला अवलंबून मुलगा २१ वर्षांपर्यंत आणि अवलंबून असलेली अविवाहित मुलगी यांना उपचाराचा हक्क आहे. २०१७ साली या योजनेची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये करण्यात आली. दुखापत झालेला स्वतःच विमाधारक कामगार असेल आणि त्याचे ठराविक हप्ते भरलेले असतील, तर आजारपणाच्या रजेत वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ताही मिळतो. ठेकेदाराने पैसे कापून भरलेच नाहीत असे पुष्कळदा होते, म्हणून विमा क्रमांक आजच तपासून घ्यावा.

चौथे दार धर्मादाय रुग्णालयांचे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. मोठमोठी चकचकीत रुग्णालयेही यात येतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तेथील समाजसेवकाला भेटावे. “खाट नाही” असे सांगितले तर लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

सर्व कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत : केस पेपर, एक्स-रे, एमआरआयचा अहवाल, औषधांच्या पावत्या. केस पेपर हरवला की सारी रांग पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.

खरा उपचार घरच्या फरशीवर

शस्त्रक्रिया होवो अथवा न होवो, व्यायामोपचार म्हणजे फिजिओथेरपी चुकत नाही. ऑपरेशन हा अर्धाच उपचार. उरलेला अर्धा रुग्णाने स्वतः करायचा असतो, आणि नेमका तोच आपल्याकडे सुटतो. ऑपरेशन चांगले होऊनही व्यायाम न केल्याने पाय बारीक झालेली आणि गुडघा आखडलेली मुले वस्तीत पाहायला मिळतात.

एमआरआयची किंवा ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली तर तो काळ रिकामा घालवू नये. गुडघ्यामागे टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणे आणि दहा आकडे मोजणे. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून उचलणे. टाच जमिनीवर सरकवत गुडघा हळूहळू वाकवणे. हे तीन व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतले की चटईवर फुकट करता येतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतोच. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे. रोज जाणे परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. आठवड्यातून एक फेरी आणि बाकी घरी, असा कार्यक्रम ते आखून देतात.

ऑपरेशननंतर पहिले ध्येय गुडघा पूर्ण सरळ करणे हे असते. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये. गुडघा तसाच वाकलेला आखडतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते, ती म्हणजे चाळीतला सार्वजनिक संडास आणि जिने. ऑपरेशननंतर काही आठवडे उकिडवे बसता येत नाही. मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची आधीच आणून ठेवावी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने काही दिवस तळमजल्यावरील नातेवाइकाकडे राहावे. पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, ताप आला किंवा टाक्यांतून पू आला तर दुसऱ्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

मैदानात परत केव्हा?

घाई हाच मोठा शत्रू. तीन-चार महिन्यांत दुखणे थांबते, मुलगा धावू लागतो आणि मित्र बोलवायला येतात. पण आत बसवलेली दोरी अजून पक्की झालेली नसते. नॉर्वेमधील एका अभ्यासात (२०१६) असे आढळले की नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणे जितके महिने लांबवले, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने कमी झाला. म्हणून नऊ महिन्यांच्या आत सामना नाही. त्यानंतरही दुखावलेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के झाली, एका पायावर उड्या मारता आल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला, तरच खेळावे.

विनेश फोगाट हिचे उदाहरण आपल्या मुला-मुलींना सांगण्यासारखे आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने जपानच्या युई सुसाकीला हरवून अंतिम फेरी गाठली. वजनामुळे तिला पुढे अपात्र ठरविण्यात आले, पण तिचा गुडघा त्या दिवशी खणखणीत होता.

मुलींच्या बाबतीत पालकांनी अधिक जागरूक राहावे. एसीएल तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. पण मुलीला दुखापत झाली की “खेळ बंद कर” एवढाच उपचार पुष्कळ घरांत होतो. लग्नात अडचण येईल म्हणून ऑपरेशन लपवतात किंवा टाळतात. मुलीचा गुडघाही तिच्या भाकरीचा आधार आहे. भावाला जे डॉक्टर, तेच तिलाही.

मंडळांना विनंती

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी ढाली, हार आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चातून थोडी बचत करावी. मैदानाजवळ बर्फाचा डबा, क्रेप बँडेज आणि एक स्ट्रेचर ठेवावे. मैदानातील खडे-काचा वेचून घ्याव्यात. सामन्यापूर्वी १५-२० मिनिटे अंग गरम करणे, उड्या मारून गुडघे न वाकडे करता नीट उतरणे, हा सराव प्रत्येक संघाला सक्तीचा करावा. अशा सरावाने गुडघ्याच्या दुखापती कमी होतात हे फुटबॉलमध्ये सिद्ध झाले आहे. दोन जोड कुबड्या आणि एक कमोड खुर्ची मंडळाच्या खोलीत कायमची ठेवली तर वस्तीतील कितीतरी घरांची सोय होईल.

आणि सामन्यात जायबंदी झालेल्या मुलाच्या घरी दुसऱ्या दिवशी मंडळाच्या दोघांनी जावे. त्याला हाडांच्या विभागात घेऊन जावे, केस पेपरच्या रांगेत उभे राहावे. ज्याने आपल्या संघासाठी गुडघा पणाला लावला, त्याच्यासाठी एक दिवसाची रजा फार मोठी नाही.